आधी पलंग, मग सरड्याचं घर

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी चौकट आहे. कशाची, असं विचाराल तर माझा अजून गोंधळ उडतो. एकतीस वर्षं मी पलंग होतो. आता माझ्या आत एक सरडा राहतो आणि मी चौकट झाले आहे. ‘होतो’ म्हणावं की ‘होते’, इथूनच माझी अडचण सुरू होते. तरी जमेल तसं सांगते.

टूवुम्बा गावात कुंपणं बांधणाऱ्या मर्व्ह डॅल्ग्लिशने लग्नानंतर मला स्वतःच्या हाताने बनवलं. कुंपणाला तो नेहमी औषध पाजलेलं, हिरवट झाक असलेलं पाइन वापरायचा, कारण तिकडची वाळवी साधं लाकूड उभं ठेवत नाही. पण झोपायच्या खोलीत औषधाचा वास नको, असं त्याची बायको बेरिल म्हणाली. म्हणून मी साधा, बिनऔषधाचा झालो. आधी माझ्यावर दोघं झोपत. मग बेरिल गेली आणि एकटा मर्व्ह झोपू लागला. पुढे तोही येईनासा झाला. मला वाटलं, उन्हाळा आहे, बाहेर झोपत असेल.

त्याच उन्हाळ्यात त्याची मुलगी नोलीन घरी राहायला आली. शेजाऱ्याच्या गवत कापायच्या यंत्राखाली एक पाय गमावलेला एक निळ्या जिभेचा सरडा तिने परवाना काढून आणला. रंगावरून त्याचं नाव ग्रेव्ही. तो अंघोळीच्या टबात राहायचा आणि बापलेक बादलीतून अंघोळ करायचे. पाहुणा कधी निघणार, असं मर्व्ह रोज विचारायचा. शेवटी त्यानेच ठरवलं, थंडी पडायच्या आत याला उबदार घर बांधायचं. थंडी पडली आणि घर झालं नसलं, तर तीन पायांचा ग्रेव्ही टिकणार नव्हता.

खिडकीतून मला सगळं दिसायचं. चार दिवसांत मर्व्हने हिरवट लाकडाची सुरेख चौकट उभी केली. नोलीन सरड्यांचं पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, हा प्राणी दिसेल ते चाटतो, त्याला औषधाचं लाकूड चालणार नाही.

“चाळीस वर्षं हेच लाकूड कापलं मी,” मर्व्ह म्हणाला. “त्याच हातांनी सँडविच खाल्ली. मला काय झालं?”

नोलीनने पुस्तक मिटलं. त्याच सकाळी दोघं हॉस्पिटलातून मर्व्हच्या फुप्फुसांचे फोटो घेऊन आली होती. मर्व्हला खोकला आला तो लवकर थांबेना. मग त्याने तयार चौकटीचे स्क्रू एकेक करून काढायला घेतले. इतकी चांगली चौकट का मोडतोय, मला कळलं नाही.

पुढचे दोन आठवडे दोघांची नुसती चर्चा चालली. ॲल्युमिनियम सगळी ऊब बाहेर घालवतं. भुशाची फळी ओलाव्याने फुगते. देवदाराचा वास छान, पण त्याचं तेल सरड्याच्या छातीला वाईट. याला घर हवंय की राजवाडा, असं मर्व्ह म्हणाला. शेडमधलं बाकी सगळं लाकूड औषधाचंच होतं. एका दुपारी तो खोलीत आला, माझ्या कडेला नखाने खरवडून त्याने वास घेतला आणि गादी खाली ओढली.

“डॅड, तुझा पलंग आहे तो,” नोलीन म्हणाली.

“मी खुर्चीतच झोपतो गं. आडवं पडलं की श्वास अडकतो. हा कोणासाठी ठेवू?”

तीन कोपरे त्याने जोडले. चौथ्याच्या वेळी स्क्रू बसवायचं यंत्र धरवेना, म्हणून तो नोलीनने जोडला.

“वाकडं झालंय,” तो म्हणाला.

“हो.”

“असू दे. सरड्याला काटकोन कुठे कळतो.”

पहिलं दव गोठलं त्या सकाळी ग्रेव्ही माझ्या आत आला. वर दिवा, पुढे काच. शेजाऱ्यांनी कौतुक केलं. मर्व्हने आपली खुर्ची माझ्याशेजारी ओढून घेतली. अकरा दिवस तो तिथे बसला. बाराव्या दिवशी खुर्ची रिकामी होती. काळे कपडे घातलेली माणसं आली, माझ्या डोक्यावर केकच्या बशा ठेवून गेली. मर्व्ह कुठे कुंपण बांधायला गेला असेल, असं मी धरून चालले.

नंतर माझ्याकडे कोणी बघेना. काचेवर धूळ बसली. ग्रेव्ही सालींच्या भुशात शिरला तो बाहेरच येईना. नोलीन रोज हात घालून त्याला चाचपायची आणि तसाच हात काढून घ्यायची. हे सरडे थंडीत झोपतात असं पुस्तकात होतं. तिचा विश्वास बसत नव्हता. माझाही नव्हता.

ऑगस्टच्या शेवटी, तिकडची थंडी सरत आली तेव्हा, एका सकाळी ग्रेव्ही बाहेर आला आणि तिच्या हातातलं उकडलेलं अंडं त्याने सगळं खाल्लं.

“डॅड, खाल्लं त्याने,” नोलीन मोठ्याने म्हणाली.

घरात दुसरं कोणी नव्हतं. तरी कोणी उत्तर देईल म्हणून मी वाट पाहिली. नोलीनही पाहत असावी, कारण बराच वेळ ती हलली नाही.

मित्रांनो, मुक्या जिवासाठी घर बांधाल तेव्हा लाकडाची नीट चौकशी करा. कोणतं विषारी, कोणतं गार पडतं, कोणतं फुगतं, सगळं विचारा. आणि बांधणारा माणूस खोकत असेल, तर हातातलं काम खाली ठेवून त्याचीही चौकशी करा. मर्व्ह माझ्यावर झोपायचा बंद झाला, ते सगळ्यात आधी मला कळलं होतं. पण तेव्हा मी पलंग होतो. हे कोणाला तरी सांगायला हवं, असं माझ्या लक्षातच आलं नाही.