मनगटातली काळी रेघ

नेहा सायकलवरून पडली ती थेट उजव्या हातावर. सौंसरच्या दवाखान्यात एक्स-रे निघाला, पण हाडांचे डॉक्टर पांढुर्ण्याला गेलेले, संध्याकाळी येणार होते. तोवर फिल्म घरी आली आणि मुकुंदरावांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. सारी नोकरी शाळेत विज्ञान शिकवण्यात गेलेली. नातीची हाडं हाती आल्यावर ते गप्प थोडेच बसणार!

"आबा, चमडीच्या आतला फोटो कसा काढते हे मशीन?"

"फोटो नाही गं, सावली आहे ही. किरण मांसातून सहज आरपार जातात, तिथं फिल्म काळी पडते. हाडात चुना भरलेला, तो किरण अडवते. म्हणून हाड पांढरं."

नेहाने डाव्या हाताचं बोट फिल्मवर टेकवलं. "मग इथं हाडातच काळी रेघ काहून आहे?"

मनगटापाशी हाताच्या दोन्ही हाडांची टोकं अशा एकेका रेघेने वेगळी पडली होती. आत्ताच सांगितलेला नियम मुकुंदरावांच्याच अंगावर आला. काळं म्हणजे मध्ये हाड नाही! त्यांनी मोबाईलवर निरोगी मनगटाचा एक्स-रे शोधला. रेघ नव्हती. दुसरं पान उघडलं, तिसरं उघडलं. कुठेच नव्हती.

दाराशी सून, प्रतिभा, उभी होती. "मामाजी, तुटलं का जी?"

"डॉक्टर सांगतील नं."

"तुमचं तोंडच सांगून राहिलं!"

तिने लगेच स्पीकरवर नवऱ्याला फोन लावला आणि दोन्ही हाडांतल्या रेघा सांगितल्या. मंगेश संत्री घेऊन नागपूरच्या बाजारात गेला होता. "दोन्ही हाडं? मग ऑपरेशनच लागते," तो म्हणाला. "मी गाडी पाठवतो. तिले आत्ताच इकडं आण."

ऑपरेशन शब्द कानावर पडताच नेहाचा चेहरा एवढासा झाला. तरी तिने डाव्या हाताने आबांचा मोबाईल ओढून घेतला आणि बराच वेळ त्या चित्राकडे पाहिलं.

"आबा, हा हात कोणाचा आहे?"

"म्हणजे?"

"अंगठा पाहा केवढा जाड आहे! माझा असा कुठं आहे?"

मुकुंदरावांनी चष्मा चढवला. चित्राखाली बारीक अक्षरात वय होतं, बेचाळीस. बाकीचे हातही मोठ्या माणसांचेच. "अरे बाप्पा," ते पुटपुटले आणि त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीचं मनगट शोधलं. एका वैद्यकीय महाविद्यालयाने विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं पान उघडलं. त्या मनगटात हुबेहूब त्याच दोन रेघा होत्या आणि शेजारी बाण काढलेला होता.

ते मोठ्याने मराठीत सांगत गेले. वाढत्या हाडाच्या टोकाशी मऊ कूर्चेची पट्टी असते. तिच्यात अजून चुना भरलेला नसतो, म्हणून किरण पार जातात. हाड तिथूनच लांब होतं. वाढ पुरी झाली की पट्टी भरते, रेघ पुसली जाते.

"म्हणजे मी मोठी होऊन राहिली, ते दिसते इथं?"

"तेच दिसते, बेटा."

प्रतिभाने पदराने डोळे पुसले. "नक्की नं, मामाजी?"

"रेघेचं नक्की. पण हात दाबून पाहणं डॉक्टरचंच काम. गाडी तेवढी थांबव."

संध्याकाळी डॉक्टरांनी मनगटाची जागान् जागा दाबून पाहिली, मग फिल्म दिव्यावर लावली. "हाड साबूत आहे. या रेघा वाढीच्या. हात मुरगळला आहे फक्त. दुखणं वाढलं तर परत दाखवा." आणि ते पट्टी गुंडाळू लागले.

"प्लास्टर नाही?" नेहा हिरमुसली. "मग वर्गातल्या पोरी नावं कुठं लिहितीन?"

दुपारपासून घोटभर पाणीही न प्यालेली प्रतिभा इतकी हसली, की डॉक्टरांचे हात थांबले.

बाहेर येऊन मुकुंदरावांनी मंगेशला फोन लावला. "साबूत आहे रे. संत्री वीक आरामात." मग त्यांनी फोन नेहाच्या डाव्या हातात दिला.