आडोशाची पुळण

सुट्टी घ्यायची नसते, आखायची असते, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं. अंबरीश नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला कॉम्प्युटर चिपच्या मशीनवर काम करतो. स्पेनच्या मेनोर्का बेटावरची एक पुळण निवडायला त्याने एक्सेलमध्ये बेचाळीस पुळणी घातल्या. वाऱ्याची दिशा, सावली, पायपीट, गर्दी! शेवटी एक सापडली. दोन्ही बाजूंना खडक, झाडीतून अर्ध्या तासाची वाट, माणूस क्वचित.

मी म्हटलं, चालेल, फक्त कुणाला सांगू नकोस. मला पुण्याच्या एका कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली होती, ऑगस्टपासून. तू येतोस का, एवढंच त्याला विचारायचं होतं. आइंडहोव्हनजवळ न्यूनेनच्या आमच्या घरी विचारायला जावं तर त्याचा कॉल तरी चालू, नाहीतर मराठी मंडळाची मीटिंग. दोन महिने मी तोंड मिटून होते.

पोचलो. पाणी इतकं शांत, की चपला काढता काढताच मी वाक्य जुळवायला घेतलं. तेवढ्यात मागून हाक आली, "अगं मृदुला! पोचलात पण?"

आमच्या मंडळाचा अध्यक्ष श्रीधर आणि त्याची बायको विशाखा! मागे आणखी दोन कुटुंबं, छत्र्या, दशम्यांचे डबे. अंबरीशने ती एक्सेल शीट आमच्या तारखांसकट मंडळाच्या ग्रुपवर टाकली होती.

"लोकांना उपयोगी पडेल म्हणून गं," तो म्हणाला.

कपाळ माझं!

"वारा अजिबात नाही हं, मानलं तुला!" श्रीधर म्हणाला. अंबरीश आमच्या लग्नातही एवढा फुलला नव्हता.

तीन दिवस असेच गेले. रोज तीच माणसं, त्याच दशम्या. चौथ्या दिवशी मला राहवेना. सगळ्यांसमोरच म्हटलं, "अंबरीश, मी ऑगस्टमध्ये पुण्याला परत चाललेय. कायमची. नोकरी मिळालीये मला. तू..."

"अरे वा, अभिनंदन!" श्रीधर मध्येच म्हणाला. "मग न्यूनेनचं घर भाड्याने देणार का? माझा मेहुणा वर्षभर घर शोधतोय."

"छे रे," अंबरीश दशमीचा तुकडा मोडत म्हणाला. "घर कसं देणार? मी आहे ना तिथे."

श्रीधर हिरमुसला. विशाखाने मात्र पटकन माझा हात धरला, आणि मला रडूच कोसळलं.

"काय झालं?" अंबरीशने विचारलं.