दोन्ही हात गुंतलेले असताना

गिटारवाल्याला चोवीस वर्षं पायाने काम करायची सवय होती. म्हणजे वाजवायचा तो हातानेच. पण गिटारचा आवाज बदलायचा जमिनीवरच्या पेडलवर पाय देऊन. वाजवताना पाय तसेही बिनकामाचेच असतात. मात्र बँड मेहुण्याचा होता, आणि मेहुण्याने आवाज बदलायला नवा टॅबलेट आणला होता.

"भाऊजी, ते लोखंडी डबे आता काढा. स्टेजवर सुतारकाम काढल्यासारखं दिसतं. इथे नुसतं बोट लावायचं."

"कुठलं बोट? माझी सगळी कामावर असतात."

"जमेल हो. नाहीच जमलं तर..." मेहुण्याने वाक्य अर्धवट सोडलं. उरलेलं अर्धं गिटारवाल्याला पाठ होतं: कीबोर्डवाल्याचा भाचा गिटार वाजवायचा, आणि सध्या मोकळाच होता.

आज दुपारी हॉटेलच्या मॅनेजरबाई बँड ऐकायला आल्या होत्या. पसंत पडला तर वर्षभर रोज संध्याकाळचं काम. गाणं सुरू झालं. कडवं संपलं की गिटारचा सोलो, आणि तिथे मऊ आवाज एका ठोक्यात कडक व्हायला हवा. गिटारवाल्याच्या तळहातांना घाम सुटला. कडवं संपत आलं तसा त्याने उजवा हात तारांवरून उचलून समोर स्टँडवर लावलेल्या टॅबलेटच्या पडद्यावरच्या लाल चौकोनावर बोट टेकवलं. काही नाही. पुन्हा टेकवलं. ओल्या बोटाला पडदा दाद देईना. मेहुणा गाता गाता डोळे वटारू लागला. एकच ओळ उरली.

आपल्या अंगावर कोरडं असं काय शिल्लक आहे, याचा गिटारवाल्याने झटपट आढावा घेतला. मग दोन्ही हात तारांवर ठेवून तो कमरेत वाकला आणि चौकोनावर नाक टेकवलं.

आवाज कडाडला. सोलो पार पडला.

बाई टाळ्या वाजवत उठल्या. "काम तुमचंच! आणि हे काका सोलोआधी किती अदबीने वाकतात हो! हल्ली श्रोत्यांपुढे वाकतं कोण? तेवढं मात्र रोज हवं."

"आमची पद्धतच आहे ती," मेहुणा गंभीरपणे म्हणाला, आणि हळूच गिटारवाल्याच्या कानाशी लागला. "भाऊजी, आता नाक जपा."

गिटारवाल्याने मान वर केली. एसीचा झोत नेमका त्याच्याच जागेवर येत होता.

"बाई," त्याने विचारलं, "हा रोज इतकाच गार असतो का हो?"