चौथी ओळ

शनिवारी दुपारी आई जेवणाच्या टेबलावर मटार सोलत संगणकाकडे बघत बसली होती. महापालिकेच्या शाळेतून ती गणिताची शिक्षिका म्हणून निवृत्त झाली होती आणि धायरीच्या आमच्या बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत दर रविवारी अकरावी-बारावीच्या मुलांचा वर्ग घ्यायची. त्यासाठी तिने गणिताचं एक मोफत सॉफ्टवेअर शोधलं होतं. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं. काही अडलं की त्यांच्या मेलिंग लिस्टवर, जिथे टाकलेली मेल त्या सगळ्यांना जाते, ती बेधडक प्रश्न टाकायची.

"आज कोणाला छळतेयस?" बाबांनी पेपरामागून विचारलं.

"फ्रान्समधल्या एका माणसाला. माझं वर्तुळ पडद्यावर अंड्यासारखं दिसतंय."

"बीएस्सी झालेल्या बाईने साऱ्या जगाला कळवायचं, की मला वर्तुळ काढता येत नाही!"

"मग काय, मुलांना अंडंच शिकवू?"

संध्याकाळी उत्तर आलं. दोन्ही अक्षांचं प्रमाण सारखं ठेवायला हवं होतं. वर्तुळ गोल झालं, मटारची उसळ झाली, आम्ही जेवलो. रविवारी सकाळी आईच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर विहार समितीचे सुदर्शनकाका माझ्याजवळ येऊन बसले. "मैत्री, ती खोली शिवणवर्गाला देऊ का गं? बायका कधीच्या मागतायत."

"नको. आईचा वर्ग मी घेणार."

"तू? तुला कंपनीतून वेळ कुठला?"

"रविवारी सुट्टी असते, काका."

"बघ बाई. मुलं टिकली तर खोली तुझी. पांगली तर मशिनी लावू."

मी बी.कॉम. करून मग संगणकाकडे वळलेली. हिंजवडीत बँकांची सॉफ्टवेअर तपासते. बारावीनंतर गणिताशी माझा संबंध तुटला होता. तरी आईने त्या सॉफ्टवेअरवर बनवलेले पाठ घरच्या संगणकावर तयार होते; मुलांसोबत मीही शिकेन असं मी धरून चालले होते. पण विहारातल्या जुन्या संगणकाने नेमका त्याच सुमारास दम तोडला. मी दुसरा आणला, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घातली, आईचे पाठ त्यावर चढवले. एकही आलेख उमटेना. पांढऱ्या चौकटीखाली तांबडी अक्षरं तेवढी येत. मुलं तासभर चौकटीकडे बघून घरी गेली. पुढच्या रविवारी निम्मीच आली.

सोमवारी मी त्या लिस्टवर मेल टाकली. ऑफिसात लिहिते तशीच लिहिली: तातडीची बाब, तीव्रता पहिल्या दर्जाची, आपल्या नव्या आवृत्तीत दोष आढळला आहे, त्वरित निराकरण व्हावे.

जगाकडून काही आलं नाही. नारायण पेठेतून आलं. दिगंबर आपटे म्हणून कोणी गृहस्थ होते, त्यांनी मला वेगळी मेल केली, मराठीत.

"आपली मेल वाचून आपण आम्हाला पगार देता की काय, असा क्षणभर भास झाला. इथे सगळे फावल्या वेळात काम करतात. तातडी ज्याची त्याने सांभाळावी. पुढील चार ओळी कळवाव्यात. आपण काय टाइप केलंत. काय दिसलं. काय दिसायला हवं होतं. आपल्याला नेमकं काय कळत नाही. चौथी ओळ लोक बहुधा गाळतात. गाळू नये."

मला राग आला. मग मी तीन ओळी लिहिल्या. त्या सोप्या होत्या. चौथीवर बसून राहिले.

आमच्या घरात ती ओळ आईखेरीज कोणी लिहिली नव्हती. बाबा पाटबंधारे खात्यात लागले त्या पहिल्याच दिवशी शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली होती, "राखीव जागेतून ना?" त्यानंतर बाबांनी नोकरीभर कोणाला काही विचारलं नाही. अडलेली फाइल घरी आणायची, नियमांची पुस्तकं उलगडायची, उत्तर सापडल्यावरच पेन उचलायचं. दुसऱ्याने विचारलं तर ती शंका असते, आपण विचारलं तर तो पुरावा होतो, असं ते मला सांगत. मीही ऑफिसात तशीच वागत आले. "तपासून सांगते" म्हणायचं आणि जेवणाच्या सुट्टीत एकटीने धडपडायचं.

बाबा मागे येऊन उभे राहिले. पडद्यावरचं वाचलं.

"हे नावानिशी जाणार?"

"हो."

"आडनावासकट?"

"आईने बनसोडे लावूनच लिहिलंय, बाबा. सगळीकडे."

मी चौथी ओळ लिहिली: ही तांबडी अक्षरं मला वाचता येतात, पण ती काय सांगतायत ते कळत नाही, आणि या पाठांमधलं गणितही मला पुरतं कळत नाही. मेल लिस्टवर पाठवली.

सकाळी उत्तर हजर. नव्या आवृत्तीत आलेख काढण्याच्या आज्ञेचं नाव बदललं होतं. प्रत्येक पाठात ते कुठे बदलायचं, ते आपट्यांनी दाखवलं होतं. खाली लिहिलं होतं, "ललिताबाई बनसोडे आपल्या कोण? बऱ्याच दिवसांत त्यांचा प्रश्न नाही. लिस्ट फार शहाण्यासारखी चालली आहे." त्या प्रश्नाचं उत्तर मी मागे ठेवलं. आठवडाभर ऑफिसातून आले की मी नावं बदलत बसले.

रविवारी आलेख उमटले. निरोप फिरला असावा; गेलेली बरीच मुलं परत आली होती. सुदर्शनकाका दारात डोकावून गेले. बाबा आईच्या वर्गात कधी बसले नव्हते. आज ते शेवटच्या बाकावर येऊन टेकले.

पाठ स्पर्शिकेचा होता. बिंदू सरकवला की वक्राला टेकलेली रेषाही सरकायची. प्रियदर्शनी, अकरावीतली, तिने इंग्रजी व्हीसारखा एक आलेख काढला आणि बिंदू टोकावर नेला. रेषा नाहीशी झाली.

"ताई, इथे का नाही येत? परत बिघडलं?"

"बिघडलं नाही."

"मग रेषा गेली कुठं?"

"शिवण शिकायला," मागून एक मुलगा म्हणाला. सगळे हसले आणि माझ्याकडे बघायला लागले.

तपासून सांगते, हे शब्द ओठांवर तयार होते. बाबा माझ्याकडेच बघत होते. मी खुर्ची ओढून प्रियदर्शनीच्या शेजारी बसले.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. आवाज खोलीभर पोचला. "आईला माहीत होतं. ती आता नाही. मला हे येत नाही, प्रियदर्शनी. कळफलक इकडे घे, आपण विचारू."