डावा कप्पा

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे, पण माझ्यात दागिने नव्हते, शब्द होते. नगरच्या छगन सुताराने चहाच्या खोक्याच्या फळ्यांतून मला घडवले, तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती आणि कागद औषधालाही मिळत नव्हता. माझे मालक शांतवन मास्तर जुन्या बारवांवर इंग्रजीत प्रबंध लिहीत होते. बारा वर्षांचे स्वप्न ते. चर्चच्या जुन्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर ते विद्वानांचा एकेक शब्द लिहीत आणि माझ्यात ठेवत. उजव्या कप्प्यात खात्रीचे शब्द: प्रूव्ह्ड, अनडाउटेडली. डाव्यात शंकेचे: परहॅप्स, अपिअर्स. खोटे वाटेल, पण उजवा कप्पा इतका वजनदार की सायकलला मला बांधले की सायकल आपोआप उजवीकडे वळे, आणि डावीकडच्या शाळेत पोचायला मास्तरांना तीन चकरा पडत.

त्यांचा एक नेम होता. ज्या शब्दाची चिठ्ठी पेटीत नाही, तो शब्द प्रबंधात नाही.

काष्टीजवळच्या वाडीत एक बारव होती. मास्तर सात पायऱ्या उतरले. खाली पाणी होते. त्यांनी डाव्या कप्प्यातून शब्द घेऊन लिहिले, की दिसते तेवढी तरी भिंत पक्की वाटते. पुण्याच्या मार्गदर्शकांनी पान परत पाठवले. एवढे घाबरत लिहिणाऱ्याला पदवी कोण देणार, असा शेरा होता.

त्या संध्याकाळी मास्तरांनी डावा कप्पा चुलीपुढे पालथा केला.

"अहो, चांगले शब्द आहेत की," मास्तरांच्या पत्नी दयाबाई म्हणाल्या. "राहू द्यात."

"भित्रे आहेत. ओल्या लाकडांना तेवढीच मदत."

चिठ्ठ्या नीट पेटल्याही नाहीत. चुरचुरत काळ्या पडल्या. तेव्हापासून त्या कप्प्यात झुरळसुद्धा वस्तीला राहिले नाही.

ते पान मास्तरांनी उजव्या कप्प्यातल्या शब्दांत पुन्हा लिहिले. पदवी मिळाली. पुढच्या उन्हाळ्यात बारव आटली. वाडीच्या काकासाहेब पाटलांना गाळ काढायचा होता, पण भिंतीला फुगवटा आलेला, कुणी उतरेना. त्यांनी मास्तरांना प्रबंधासकट बोलावले.

"वाचा मास्तर. ह्यांचा माज्यावर भरवसा न्हाई, इंग्रजीवर तरी बसंल."

विहिरींची कामे करणारा कानिफनाथ पुढे आला. "भिताडाचं पोट सुटलंय, पाटलावानी. मास्तर, तुमी सोता किती पायऱ्या उतरल्ता?"

"सात."

"हिथं एकोनीस हायेत."

मंडळी हसली. मास्तरांनी माझे झाकण उघडले. त्यांची बोटे डाव्या कप्प्यात गेली आणि नुसते लाकूड खरवडत राहिली. मला तो ओरखडा अजून जाणवतो. मग त्यांनी हात बाहेर काढला आणि वाचले: प्रूव्ह्ड.

"म्हंजे?"

"सिद्ध झालंय. भिंत पक्की आहे."

"मंग ठीक हाय," म्हणत कानिफनाथने मुंडासे आवळले. उतरताना पायऱ्या मोठ्याने मोजायची त्याची सवय होती. बारा, तेरा, चौदा. पंधरा आम्हाला ऐकू आले नाही. बारवेतून फक्त धूळ वर आली.

कानिफनाथचे दिवस-तेरावे झाल्यावर त्याची बायको कडूबाई मास्तरांच्या दारात येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती.

"मास्तर, तुमच्या इंग्रजीत 'मला ठावं न्हाई' म्हनाया शबुद न्हाई का?"

"होता," मास्तर म्हणाले.

मित्रांनो, त्या प्रबंधात आणखी अकरा बारवा आहेत, आणि प्रत्येक बारवेचे मास्तरांनी दिसले तेवढेच पाहिले होते. आता ते मला सायकलला बांधून गावोगाव जातात आणि सांगतात, "मी शेवटपर्यंत उतरलो नव्हतो. मला ठाऊक नाही." डाव्या कप्प्यात पुन्हा चिठ्ठ्या आहेत, आणि सायकल आता सरळ चालते. चार गावे झाली. सात उरली आहेत, आणि गाळ काढायचे दिवस चालू आहेत.

तुम्हीही शिकाल, मोठमोठे शब्द जमवाल. जळण कमी पडले तर पेटी फोडून चुलीत घाला. डाव्या कप्प्यातले तेवढे जपा.