जुनं खातं बंद केलं

आमच्या चिरंजिवांनी घर बदललं नाही, गाव बदललं नाही, केस कापायची तऱ्हासुद्धा कॉलेजपासून तीच आहे. बदलतात ती फक्त हत्यारं. ज्या प्रोग्रामात तो कोड लिहितो तो प्रोग्राम, ज्यात कामांची यादी ठेवतो तो, इंटरनेटवर ज्या ठिकाणी आपला कोड साठवतो ते ठिकाण, सगळं दर वर्षा-दोन वर्षांनी पालथं. लग्न अजून केलेलं नाही. एकाच गोष्टीवर टिकायचं म्हटलं की त्याच्या अंगावर काटा येतो, असं त्याची आई म्हणते.

आणि प्रत्येक बदलाची तो नोंद लिहितो. इंटरनेटवर त्याचं एक पान आहे, तिथे 'अमुक का सोडलं, तमुक कसं धरलं' असं सविस्तर. त्याच्याच जातकुळीची मंडळी ते वाचतात आणि खाली वाहवा करतात. प्रत्येक नोंदीची शेवटची ओळ ठरलेली: 'जुनं खातं बंद केलं.' त्याचं म्हणणं असं, की जुनं चालू ठेवलं की माणूस सारखा मागे वळून बघतो. परतीचे दोर कापले की नवीन शिकावंच लागतं. याला तो शिस्त म्हणायचा. मी जन्मभर लोकांना गाडी शिकवली. आरशात न बघणाऱ्याला मी कधी शिस्तीचा म्हटलं नाही. पण पोराचं काम पोराला कळतं, म्हणून गप्प बसलो.

माझं ड्रायव्हिंग स्कूल होतं, म्हणजे बोलणं हाच धंदा. "क्लच दाब, क्लच! तो ब्रेक झाला, महाराज!" शिकाऊ गाडीत मास्तरच्या पायाशीही एक ब्रेक असतो, पण माझ्या ओरडण्यानेच गाडी थांबते असं विद्यार्थी म्हणायचे. मग त्याच गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल.

दुसऱ्या एखाद्याचं पाटीवर लिहून भागलं असतं. पण माझ्या बायकोचे डोळे त्याआधीच काचबिंदूने गेले होते. उजेड आहे की अंधार, एवढंच तिला कळतं. नवरा मुका आणि बायको आंधळी. कुणी आमची चेष्टा करायची ठरवली असती तरी त्याला इतकं सुचलं नसतं. हॉस्पिटलमधून घरी येताना ती टॅक्सीत माझा हात धरून बसली होती. म्हणाली, "अहो, पण तुम्ही खोलीत आहात की नाही, हे मला कळणार कसं?"

मला उत्तर सुचलं नाही. तेव्हा तर आवाज शाबूत होता.

उत्तर शोधलं ते पोराने. ऑपरेशनच्या आधी माझी सगळी वाक्यं रेकॉर्ड करायची आणि एक ॲप बनवायचं. टॅबलेटवर बटण दाबलं की माझ्याच आवाजात ते वाक्य वाजणार. पहिल्या दिवशी त्याने नुसताच मोबाइल माझ्या तोंडापुढे धरला. मी विचारलं, "चालू झालं का हे? बोलू का आता?" पलंगावरून ही म्हणाली, "बोला की! आजवर कुणी अडवलंय तुम्हाला?" आम्ही तिघेही हसलो. खूप दिवसांनी हसलो.

मग त्याने चांगला माइक आणला. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्यांना गोधड्या टांगल्या. त्या कोंदट खोलीत मी घसा दुखेपर्यंत बोलायचो आणि ही शेजारी बसून आठवण करून द्यायची. "चष्मा कुठाय, ते घ्या. दार मी उघडतो, ते घ्या. आणि तो तुमचा तिरसट 'काय आहे?' असतो ना, तोही घ्या." मी म्हटलं, तिरसटपणा कशाला हवा? तर म्हणाली, "नुसतं गोड बोलायला लागलात तर मला वाटेल कुणी परका घुसलाय घरात."

सगळ्यात जास्त वेळ गेला तो 'अगं'वर. हाक मारायचा 'अगं', चिडलेला 'अगं', काही सापडल्याचा 'अगं', समजूत काढायचा 'अगं'. आणि एक हळू, जवळ बसून म्हणायचा. तो रेकॉर्ड करताना पोरगा पाणी आणतो म्हणून उठून गेला. शहाणा आहे तसा.

ऑपरेशन झालं. मानेला लावून बोलायचं यंत्र मिळतं, तेही आणून पाहिलं. माझ्या मानेवर ते नीट लागेना. त्यातून जी घरघर यायची तिने ही दचकून उठायची. पण टॅबलेट चालला. झकास चालला. सकाळी उठून मी हळू 'अगं'चं बटण दाबायचो, ती "हं" म्हणायची आणि दिवस सुरू व्हायचा. आम्ही भांडायचोसुद्धा. मी बटणं शोधेपर्यंत ती दोन मुद्दे पुढे गेलेली असायची, पण ते आधीही तसंच होतं. शेजारच्या बाईंना तर वाटायचं, मास्तरांचा आवाज परत आला.

आणि मग आमचे चिरंजीव इंटरनेटवर जिथे आपला कोड साठवायचे त्या प्लॅटफॉर्मला दुसऱ्या कुठल्या बड्या कंपनीने विकत घेतलं. त्याच्या जगात आगडोंब उसळला. जो तो तिथून निघायला लागला. तिथे राहणं म्हणजे जणू लाज सोडणं. जेवताना तो तावातावाने मला सांगत होता, नवीन प्लॅटफॉर्म किती स्वच्छ, किती वेगवान. "बाबा, तुमचं ॲपही तिकडेच नेतो. सगळं एकदाच उरकून टाकतो."

मी ताट बाजूला सारलं आणि टॅबलेटवर माझं आवडतं बटण दाबलं. विद्यार्थ्यांना हजारदा ऐकवलेलं वाक्य: "गाडी चालतेय ना? मग बॉनेट कशाला उघडतोस?"

तो खो खो हसला. ही पण हसली. मी परत दाबलं. तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला कळणारसुद्धा नाही काही बदललंय म्हणून." ही म्हणाली, "अहो, करू दे त्याला. त्याचंच आहे ना ते." मी तिसऱ्यांदा दाबलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी त्याची नोंद आली. मी ती चहा पिताना वाचली, आणि खोटं कशाला सांगू, अभिमान वाटला. सामान कसं बांधलं, कसं हलवलं, सगळं पायरीपायरीने लिहिलेलं. 'बाबांचा आवाजही सुखरूप पोचला. फाइलींचा आकडा जुळला, नावं जुळली. जुनं खातं बंद केलं. सुटलो.' खाली लोकांनी अभिनंदन केलं होतं. एकाने तर डोळ्यांत पाणी आलं असं लिहिलं होतं.

तो माझ्या खोलीत आला, टॅबलेटवर नवीन ॲप घातलं आणि टॅबलेट ऐटीत माझ्या हातात दिला. बटणं जिथल्या तिथे, रंगही तेच. मी 'अगं' दाबलं.

काहीच वाजलं नाही.

"आवाज बंद असेल," तो म्हणाला. नव्हता. मी चहाचं बटण दाबलं, औषधाचं दाबलं, बॉनेटचं दाबलं. तोवर तो लॅपटॉप उघडून बसला होता. त्याने एक फाइल उघडली. जिथे माझा आवाज असायला हवा तिथे इंग्रजी अक्षरांच्या आणि आकड्यांच्या तीन ओळी होत्या. त्याने दुसरी उघडली. तिसरी उघडली. मग उघडायचा थांबला आणि खुर्चीवरून खाली उतरून फरशीवर बसला. लहानपणी सायकलवरून पडला की असाच बसायचा, आधी रडायचा नाही.

काय झालं ते त्याने मला नंतर समजावून सांगितलं. जुन्या प्लॅटफॉर्मवर जड फाइली वेगळ्या कोठारात ठेवायची सोय होती. कोडसोबत राहायची ती प्रत्येक फाइलीची फक्त एक चिठ्ठी: माल कोठारात अमुक ठिकाणी आहे. चिठ्ठीचं नाव फाइलीचंच. सामान हलवलं तेव्हा चिठ्ठ्या तेवढ्या आल्या, कोठार मागे राहिलं. त्याने चिठ्ठ्या मोजल्या, आकडा जुळला, आणि खातं बंद केलं. खात्याबरोबर कोठारही रिकामं झालं. जुना लॅपटॉप त्याने महिन्याभरापूर्वीच पुसून कुणाला तरी देऊन टाकला होता. बॅकअप होता, तोही त्याने नव्या जागेवरूनच ताजा करून घेतला होता, म्हणजे त्यातही चिठ्ठ्याच. आणि टॅबलेटवरचं जुनं ॲप, ज्यात सगळं शाबूत होतं, ते नवीन घालण्याआधी त्याने माझ्यासमोर काढून टाकलं होतं. मी बघत होतो. माझा पाय फरशीवर दाबला गेला होता, शिकाऊ माणूस चुकतोय असं वाटलं की दाबला जायचा तसा. पण तिथे ब्रेक नव्हता.

स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "झालं का सुरू?"

पोराने लॅपटॉप मिटला.

मला संताप आला. असा संताप, की समोर असेल ते उचलून भिंतीवर मारावं. त्याला उभा-आडवा झापायचं होतं, पण झापायची सगळी वाक्यंही त्याच फाइलींत होती. मी कागद ओढला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'गाढवा'. त्याने वाचलं आणि मान हलवली. लिहिलेलं ओरडत नाही. मी कागद चुरगाळून टाकला आणि मला रडू फुटलं. माझ्या रडण्यालाही आवाज नाही, ऑपरेशनमध्ये श्वासासाठी मानेला पाडलेल्या भोकातून नुसती हवा जाते. ती ऐकून ही भिंत धरत धरत आली आणि विचारायला लागली, "काय झालं? दोघं असे गप्प का? कुणीतरी बोला रे!"

सांगावं त्यालाच लागलं.

ती त्याला एक शब्दही वाकडा बोलली नाही. तेच त्याला जास्त लागलं असणार. तिने फक्त विचारलं, "तो हळू म्हटलेला पण गेला?"

"सगळं गेलं, आई."

ती माझा हात शोधत पलंगावर बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही.

त्याने करायचं ते सगळं केलं. जुन्या प्लॅटफॉर्मला विनवण्या केल्या. तिथून कुणीतरी फार सभ्य भाषेत कळवलं की पुसलेलं परत आणता येत नाही, आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे. नातेवाइकांकडे माझा आवाज शोधला. मी व्हिडिओत दिसतो, पण गलक्यात. तोंड हलतं, ऐकू येतात भलतेच लोक. शेवटी, तो पहिल्या दिवशीचा मोबाइलवरचा तुकडा सापडला. ती फाइल वेगळ्या प्रकारची होती, म्हणून कोठारात गेलीच नव्हती. कोडसोबतच पडून राहिली होती, आणि सुखरूप पोचली होती.

त्या एका तुकड्यावरून त्याने मशीनला माझा आवाज शिकवला. आता काहीही टाइप केलं तरी ते माझ्यासारखं बोलणार होतं. मी टाइप केलं, 'अगं, चहा घेतेस का?' आवाज खरंच माझ्यासारखा होता. ही कान देऊन ऐकत राहिली. मग म्हणाली, "बंद करा ते. हा तुमचा आवाज चोरून आणलेला माणूस आहे. त्याला माझी काही माहिती नाही." पोराने मुकाट्याने ते काढून टाकलं.

आता मी तिच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढतो. तिला ती हळूहळू लागतात. चहा, औषध, दार, एवढं भागतं. भांडण होत नाही. भांडणाला लागणारा वेग बोटाला कुठला? घर शांत झालंय, आणि ती शांतता मला सहन होत नाही. ती खोलीत एकटी असली की मी मुद्दाम पाय घासत चालतो, म्हणजे तिला कळावं.

पोरगा ऑफिसला जातो, येतो, जेवतो. नवीन काही आणलेलं नाही त्याने. त्याच्या पानावर ती नोंद अजून तशीच आहे, 'सुटलो'सकट. पुसायला त्याचा हात होत नाही. खाली फक्त एक ओळ वाढवली आहे: 'मोजू नका. प्रत्येक फाइल उघडून ऐका.'

टॅबलेट ठेवून द्यायला मी कपाट उघडलं होतं, तेव्हा हिनेच अडवलं. त्यावर आता एकच बटण आहे. सकाळी उठल्यावर ती हात पुढे करून म्हणते, "लावा." मला ते नको असतं. तरी मी दाबतो.

"चालू झालं का हे? बोलू का आता?"

"बोला की," ती म्हणते, आणि माझ्या बाजूला तोंड करून वाट बघत बसते.