हातानं धुतलेल्या दुर्बिणी

१९८९ साल. स्वीडनच्या उत्तरेकडल्या एका लहानशा इस्पितळात त्या वर्षी पोटाच्या दुर्बिणी धुवायचं यंत्र आलं, आणि गुनवोर हेडमार्कनं ते पाहताक्षणी नाक मुरडलं.

"ह्यात मी घरचे मोजेसुद्धा टाकणार नाही," ती म्हणाली.

तिचं म्हणणं उगाच नव्हतं. किती वर्षं ते काम तिच्या एकटीच्या हाताखालून गेलं होतं. पेशंटच्या घशातून दुर्बीण बाहेर आली की ती पुसायची, आतल्या बारीक नळीतून लांब ब्रश ओढायचा, मग लांबट टबातल्या, डोळ्यांना झोंबणाऱ्या औषधात तिला बुडवून झाकण लावायचं आणि कॉफीला जायचं. कॉफी पिऊन आलं की दुर्बीण तयार. घड्याळ बघायची गरजच नसे. त्या काळी कॉफी म्हणजे कॉफी होती. दोन कप, दालचिनीचा गोड पाव, वर कुणीतरी घरून आणलेली बिस्किटं, आणि साऱ्या गावच्या उखाळ्यापाखाळ्या. पाव संपल्याशिवाय कुणी उठलं तर माणूस आजारी आहे असं समजत.

यंत्र आलं आणि कॉफीच्या टेबलाची चवच गेली. सीव नावाची तिशीतली नर्स दिवसभर त्याचंच कौतुक करी.

"बटण दाबलं की मी मोकळी! तुझ्यासारखं डोळे लाल करून घ्यायला नकोत, गुनवोर."

"ब्रश ओढायचा कंटाळा आला की माणसाला बटणं सुचतात."

"ब्रश मी ओढतेच गं आधी. पुढचं तो करतो."

"तो? नाव नाही ठेवलंस अजून?"

दुर्बिणीचे डॉक्टर टॉर्स्टेन हसले. तिथं डॉक्टरलाही अरे-तुरेच करायची रीत. गुनवोर त्यांच्याकडे वळली. "हसू नकोस, टॉर्स्टेन. माझ्या दुर्बिणी नि ह्या डब्याच्या दुर्बिणी, दोन्हींतले नमुने लॅबला पाठव. माझ्यात जंतू निघाले तर मी खोली सोडते. डब्यात निघाले तर डबा बाहेर."

"कबूल," ते म्हणाले.

त्यानंतर गुनवोरला ती माणसं डोळ्यांसमोर नकोशी झाली. कॉफीला ती जाई, कारण कॉफीला न जाणं म्हणजे भांडण जाहीर करणं. पण बसत नसे. उभ्यानंच चार घोट घ्यायचे, पाव बशीत तसाच टाकायचा, 'मूर्खांचा बाजार' असं मनाशी म्हणत परत खोलीत. कॉफी झाली म्हणजे दुर्बीण झाली. झाकण उघडायचं नि बाहेर काढायची.

निकाल घेऊन टॉर्स्टेन कॉफीच्याच वेळी आले. यंत्राच्या दुर्बिणी स्वच्छ निघाल्या होत्या. गुनवोरच्या दुर्बिणींत जंतू वाढले होते.

"लॅबवाल्यांनी बाटल्यांची अदलाबदल केली," गुनवोर म्हणाली.

"नाही केली. मी दोनदा विचारलं."

सीवनं हळूच विचारलं, "अगं, औषधात किती वेळ ठेवतेस?"

"कॉफी होईपर्यंत. कायम ठेवते तशीच."

सीवनं तिच्या बशीकडे बोट दाखवलं.

"पण गुनवोर," सीव म्हणाली, "तू हल्ली कॉफी पितेस कुठे? कप तोंडाला लावतेस नि पळतेस."

गुनवोरनं बशीतल्या न उष्टावलेल्या पावाकडे पाहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे तिला त्या क्षणी कळलं. तरी ती म्हणाली, "मग तुम्हीच दोषी. माणसानं बसावं असं बोलणं तरी हवं ना टेबलावर!"

टॉर्स्टेन हसले नाहीत. "ह्या दिवसांतल्या सगळ्या पेशंटांना रक्त तपासायला परत बोलवावं लागेल. काय सांगून बोलवू, ते तूच सांग."

गुनवोरनं एप्रन सोडला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला.

पेशंटांना काही झालं नाही, हे त्यांचं नशीब. टॉर्स्टेन पुढे येटेबोरीसारख्या मोठ्या शहरात गेले आणि स्वतःचा दवाखाना काढून गबर झाले. सीव त्या विभागाची मुख्य झाली; नव्या मुली ब्रश न ओढताच यंत्रात दुर्बीण टाकतात म्हणून निवृत्त होईपर्यंत त्यांच्यावर खेकसत राहिली. यंत्र काही वर्षांत भंगारात निघालं, त्याच्या जागी दुसरं आलं. गुनवोर इस्पितळाच्या धोबीखान्यात गेली, आणि तिथल्या बायकांना चादरीची घडीही धड घालता येत नाही असं पेन्शनीपर्यंत रोज ऐकवत राहिली.